मानेखालचा शॉट

आमच्या ऑफिसात एक शब्द होता, 'मानेखालचं'. माणसाचं मानेपासून खालचं चित्रण, एवढाच त्याचा अर्थ. लठ्ठपणाची बातमी असली की डेस्कवरचे साहेब सांगायचे, "सकाळी रंकाळ्यावर जा आणि दहा-बारा मानेखालचं घेऊन ये." चेहरा घ्यायचा नाही, कारण चेहरा दिसला की माणूस भांडायला येतो, आणि कोल्हापूरचा माणूस भांडायला एकटा येत नाही, तालमीतली चार पोरं घेऊन येतो. चेहरा नसला की काही भानगड नाही. पोट कुणाचं हे सांगायला कोण पुढं येणार, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो.

एका स्थानिक केबल चॅनेलवर मी चौदा वर्षं कॅमेरामन होतो. ते काम मी आता करत नाही. पुढं जे सांगणार आहे त्याची लाज वाटून सोडलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. चॅनेल बंद पडलं म्हणून सुटलं. चालू असतं तर बहुतेक अजूनही तिथंच असतो.

चॅनेलच्या आधी मी लग्नं करायचो, म्हणजे लग्नांचं शूटिंग. जाड माणूस बारीक कसा दाखवायचा, हे मला तिथं कळलं. कॅमेरा डोक्याच्या वर धरायचा, माणूस थोडा तिरका उभा करायचा, हातात ओटीचं ताट द्यायचं म्हणजे पोट झाकतं. नवरीची आई, मावश्या, आत्या सगळ्या माझ्यावर खूश असायच्या. "तुझ्या कॅमेऱ्यात आम्ही बऱ्या दिसतो बघ," म्हणायच्या. बातमीत नेमकं उलटं. कॅमेरा गुडघ्याच्या खाली ठेवायचा, मागून झूम करायचं, चौकटीच्या दोन्ही कडांना अंग भिडेल एवढं जवळ घ्यायचं. सत्तर किलोची बाई शंभरची दिसते. हे मला कुणी शिकवलं नाही, लग्नात शिकलेलंच मी उलटं फिरवलं. म्हणजे मला काय करतोय ते कळत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

आणि मानेखालचं म्हणजे बायकांचं. पुरुषांचं नेलं तर साहेब नाक मुरडायचे. "हे तर पैलवान वाटतंय रे. बाई न्हाई का एखादी?" त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आमच्या गावात पुरुषाचं अंग वाढलं की दुधातुपाचं अंग म्हणतात, पोट सुटलं की बरं चाललंय म्हणतात. माझंही सुटलेलं होतंच. कॅमेऱ्याचा पट्टा त्याच्यावर टेकायचा आणि ते मला सोयीचं वाटायचं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. मी तर वाकून बघण्याचा पगार घ्यायचो.

त्या वर्षी थंडीत, जानेवारीत, मी असाच रंकाळ्यावर गेलो. तळ्यावर धुकं होतं. चालायला आलेली माणसं कानाला मफलर गुंडाळून झपाझपा चालली होती. मी एका पायरीवर बसलो, कॅमेरा खालच्या पायरीवर ठेवला आणि डोळा लावला. तासाभरात अकरा शॉट मिळाले, त्यात आठ बायका. एक शॉट फार चांगला आला. चांगला म्हणजे आमच्या अर्थानं. पिवळट साडी, वर पुरुषाचा मरून रंगाचा स्वेटर, त्याच्या कडेला दोन पांढऱ्या पट्ट्या, पायात पोराचे असावेत तसे बूट, आणि एका बाजूला कलून पडणारं पाऊल. सात सेकंद ती चौकटीत होती. साहेबांनी तो शॉट दोनदा बघितला आणि म्हणाले, "हा सुरुवातीलाच लावा."

तो लागला, आणि लागतच राहिला. एकदा शॉट साठ्यात गेला की त्याला मरण नसतं. लठ्ठपणाची बातमी झाली, मग गुडघेदुखीची, मग मधुमेहाची. नवी जिम निघाली तरी तोच शॉट, मिसळीत तेल किती असावं यावर चर्चा झाली तरी तोच. मला बरंच वाटायचं. आपला माल चालतोय, असं वाटायचं.

एका रविवारी माझी थोरली बहीण आमच्याकडं जेवायला आली होती. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई शेतात गेली की मला कडेवर घेऊन फिरायची ती तीच. लहानपणापासून अंगानं भरलेली. घरात आम्ही तिला एक नाव ठेवलं होतं, ते इथं लिहीत नाही. लग्न होऊन ती गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. दाजी साखर कारखान्यात कामाला.

रविवार म्हणजे मटण. मी, आई, माझी बायको आणि मुलगा, सगळे खाली बसलो होतो, आक्का वाढत होती. माहेरी आलेल्या बाईनं बसून खावं, पण ती कधी बसायची नाही, आणि आम्हीही कधी बसवली नाही. टीव्हीवर आमच्याच चॅनेलच्या दुपारच्या बातम्या लागल्या होत्या. कोल्हापूरकरांनो वजन सांभाळा, असं काहीतरी होतं, आणि सुरुवातीलाच ती मरून स्वेटरवाली.

आईनं घास थांबवला. "ही चालतीया व्हय? ही तर डुलतीया. घरात काम न्हाई वाटतं हिला."

"जिभेवर ताबा नको?" माझी बायको म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मीच काढलंय की ते. चौकटीत मावंना. पार दोन पायऱ्या मागं सरकलो, तवा कुठं मावली."

हे खोटं होतं. मी जागचा हललोसुद्धा नव्हतो. पण घरात हशा पिकला, मुलाला तर ठसका लागला, आणि आई पाणी प्यायलाच थांबली एवढी हसली. आक्का रश्श्याचं पातेलं घेऊन आमच्या मागं उभी होती. तिनं विचारलं, "भात वाढू का कुणाला?" मी ताट पुढं केलं.

आमचं झाल्यावर आक्का जेवायला बसली तेव्हा तिनं अर्धीच भाकरी घेतली. माझ्या बायकोनं आग्रह केला तर म्हणाली, सकाळी नाश्ता जास्त झालाय. एरवी ती संध्याकाळचा चहा घेऊन जायची, त्या दिवशी तीनलाच निघाली. मी पलंगावर आडवा होतो. "येते रे," म्हणाली, मी हात वर केला. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, कारण मला वेगळं काही वाटलंच नव्हतं.

पुढं महिन्याभरानं दाजींचा फोन आला. "पावणं, जरा घरी येऊन जावा. तुमच्या बहिणीला सांगा चार शब्द. माझं ऐकंना झालीया."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आक्काचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरवा, रोज चाला, नाहीतर ऑपरेशन करावं लागेल आणि या वजनावर ते अवघड जाईल. तिला ऑपरेशनची भीती होती. घर पहिल्या मजल्यावर, जिना उतरताना तिला कठड्याला धरून एकेक पायरी उतरावी लागायची. म्हणून ती चालायला लागली होती. तीन महिने रोज सकाळी गेली. चार किलो उतरलेही होते. आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं, आधी उतरू दे, मग सांगू, म्हणून. आम्ही हसणार हे तिला माहीत होतं. आणि आता तिनं चालणं एकदम सोडलं होतं. डॉक्टर रागावले, दाजी रागावले, तरी घराबाहेर पडायला तयार नव्हती. दळण आणायलासुद्धा मुलीला पाठवायची.

मी गेलो आणि चांगला अर्धा तास भाषण दिलं. आळस माणसाचा वैरी असतो, म्हणालो. शरीर आपलं आहे, आपणच बघितलं पाहिजे. लोकं साठीत डोंगर चढतात, तुला तळ्याला एक चक्कर मारता येत नाही का? हे सगळं मी खुर्चीत बसून, माझं पोट टेबलाला टेकवून बोलत होतो, आणि मध्येमध्ये तिनं केलेली भजी खात होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आक्का ऐकत राहिली. "बघते," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात भाचीनं मला गॅलरीत बोलावलं. ती कॉलेजात शिकते, आईवर जीव आहे तिचा. दार ओढून घेतलं आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"मामा, आई का जाईना झालीया ते ह्ये बघा."

मोबाईलवर सात सेकंदांची चित्रफीत होती. मागं ढोल-ताशा लावला होता आणि वर अक्षरं होती, 'रस्ता बंद, रोलर चालू आहे.' पिवळट साडी, मरून स्वेटर, दोन पांढऱ्या पट्ट्या.

चित्र माझं होतं, ते मी लगेच ओळखलं. खालच्या कोपऱ्यात पायरीचा दगड थोडा सोडायची माझी सवय आहे, तो दगड तिथं होता. बाई मात्र मी ओळखली नाही. भाची बोलत होती तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तो स्वेटर दाजींना कारखान्यातून मिळालेला. रोज पहाटे त्या स्वेटरात आक्का अख्ख्या कॉलनीच्या दारावरून जायची, त्यामुळं कॉलनीतल्या बायकांना चेहरा लागलाच नाही. टीव्हीवर बघितल्याबरोबर त्यांनी ओळखली. कुणीतरी टीव्हीसमोर मोबाईल धरून ते घेतलं, कुणीतरी ढोल लावला, आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर आक्का स्वतःही होती. तिच्या मोबाईलवर ते बाकीच्यांसारखंच येऊन पडलं.

चेहरा नसला की भानगड नाही, असं आम्ही चौदा वर्षं मानत आलो. असली चूक आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. ज्या गावात पाठमोऱ्या माणसाला नुसत्या चालीवरून हाक मारतात, तिथं आम्ही मान कापून माणूस लपवत होतो. आणि मी तर तिचा भाऊ. कॉलनीला सात सेकंदांत जे दिसलं, ते मला डोळा लावून बसूनही दिसलं नाही. त्याच क्षणी आमच्या घरातला तो रविवार मला आठवला. आईचं हसणं आठवलं, माझं 'मावंना' आठवलं, आणि मागं पातेलं घेऊन कोण उभं होतं ते आठवलं.

"मामा, ह्ये तुमच्याच चॅनेलचं हाय न्हवं?" भाची म्हणाली. "कुणी काढलंय ते हुडकून सांगा फक्त. मी बघते त्याला."

मी म्हणालो, "विचारून सांगतो."

एवढंच म्हणालो. मग आत येऊन चहासुद्धा न घेता, काम आहे म्हणून सांगून, बूट घालून निघालो. आक्का कप घेऊन दारापर्यंत आली होती. आयुष्यात मी बऱ्याच लबाड्या केल्या असतील, पण 'विचारून सांगतो' ही सगळ्यात हलक्या दर्जाची होती.

ऑफिसात जाऊन साहेबांना म्हणालो, तो स्वेटरवाल्या बाईचा शॉट काढून टाकूया. ते म्हणाले, का? माझी बहीण आहे, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "जुना झालाय." ते म्हणाले, "असू दे की, चेहरा कुठं दिसतोय?" मी सगळे घरी गेल्यावर मशीनवरून तो पुसून टाकला. पण पुसून काय होणार होतं? तो मोबाईलांत गेला होता, आणि पुढच्याच आठवड्यात एका दुसऱ्याच चॅनेलवर दिसला. तिथं तर तिला हळू करून दाखवली होती, पाऊल पडताना अंग हलतं ते नीट दिसावं म्हणून. तेव्हा मला किळस आली. माझ्या शॉटची आली नव्हती, त्यांनी केलेल्या बदलाची आली. हेही लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

आठ-दहा दिवस मी टाळलं. दाजी कामावर आणि भाची कॉलेजात असेल अशी वेळ बघून, भर दुपारी एकदा गेलो. घराला नुसती कडी होती. वरून पावलांचा आवाज येत होता. जिना चढून गच्चीवर गेलो, तर आक्का पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत होती. डोक्यावर पदर, पायात तेच बूट. वाळत घातलेल्या चादरींच्या दोऱ्या तिनं अशा बांधल्या होत्या की आजूबाजूच्या गच्च्यांवरून काही दिसू नये. सकाळ-संध्याकाळ शेजारच्या बायका वर येतात, म्हणून तिनं उन्हाची वेळ धरली होती. जमीन तापलेली होती. टाकीभोवतीची जागा इतकी कमी, की दर चार पावलांनी वळावं लागायचं आणि वळताना ती टाकीला हात टेकायची. अशानं गुडघे सुधारतात की आणखी बिघडतात, मला माहीत नाही. बहुतेक बिघडतात.

मला बघून ती थांबली. मी वाटेतच उभा राहून एका दमात सांगून टाकलं. "आक्का, ते टीव्हीवरचं मी काढलं होतं."

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"रविवारी मी बोललो, त्यावरनं कळलं का?"

"रविवारी न्हवं. काढत हुतास तवाच. मी तुझ्या पुढनंच गेलते की." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तू कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेला. मला वाटलं तळ्याचं शूटिंग चाललंय. म्हणून जवळ येऊन हात केला. तू मान वर केली न्हाईस. हातानं मला सरकवलंस, म्हणालास, मावशी, पुढं व्हा, पुढं व्हा."

मला ते आठवत नाही. पण मी तसं म्हणतो. रोज म्हणायचो, दिवसातून दहा-वीस वेळा म्हणायचो, मध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला.

"मग मी पुढं झाले," ती म्हणाली. "कामात हाय भाऊ, म्हणलं. पोरीला न्हाई सांगितलं मी, तू काढलंस म्हणून. तुझ्या दाजींनाबी न्हाई. माहेरचं नाव कशाला घालवू?"

माफ कर, असं म्हणायचं ठरवून आलो होतो. आमच्यात भावाबहिणींत माफी वगैरे कुणी मागत नाही, त्यामुळं तो शब्द जिभेला सापडेना. मी म्हणालो, उद्यापासून सकाळी मी येतो तुझ्याबरोबर, दोघं मिळून चालू, माझंही पोट सुटलंय. ती टाकीला टेकून उभी राहिली.

"एक खरं सांग," ती म्हणाली. "मला वळखून काढलंस, का न वळखता?"

मला वाटलं, याचं तरी उत्तर बरं आहे. निदान एवढा तरी मी निर्दोष आहे. "ओळखलं नाही गं," मी म्हणालो. "आईशप्पथ. तू आहेस हे मला भाचीनं दाखवल्यावर कळलं. तोवर मी तुला ओळखलंच नव्हतं."

आक्कानं मान हलवली.

"वळखून काढलं असतंस तर एक वेळ चाललं असतं," ती म्हणाली. "भावाला कशाचा तरी राग आलाय, असं म्हणले असते."

मग ती चालायला लागली. टाकीला वळसा घालून परत आली तेव्हा मी अजून तिथंच, तिच्या वाटेत उभा होतो. मी बाजूला झालो.